नवी सर्व्हिस बसवली की तिनं आपोआप सुरू व्हावं का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर बसवताना काय होतं ते पाहा. बसवणारा मुलगा 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'फिनिश' दाबत जातो, थोड्या वेळात डेस्कटॉपवर एक चिन्ह येतं, मालक त्यावर क्लिक करतात आणि पहिलं बिल निघतं. सगळ्यांचं लक्ष त्या चिन्हाकडं असतं. पण तेवढ्याच वेळात कॉम्प्युटरवर आणखी एक गोष्ट बसलेली असते. तिला खिडकी नसते, चिन्ह नसतं, बंद करायला कोपऱ्यात फुली नसते. ती म्हणजे डेटाबेस. ग्राहकांची नावं, येणं-देणं, स्टॉक, सगळं त्याच्या ताब्यात. मालकांनी सॉफ्टवेअर बंद केलं तरी तो मागं चालूच राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावला की कुणी पासवर्ड टाकण्याआधीच कामाला लागलेला असतो.

अशा पडद्यामागं चालणाऱ्या प्रोग्रामला सर्व्हिस म्हणतात. लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली; ती वापरणारे डीमन असंही म्हणतात. प्रिंटरकडं जाणारे कागद रांगेत लावणारा स्पूलर ही सर्व्हिसच, कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर ठेवते ती सर्व्हिसच, लांबून मशीनवर शिरून काम करू देणारी एसएसएच आणि वेबसाइट दाखवणारे अपाची, एनजिनएक्स याही सर्व्हिसच. आता प्रश्न असा, की नवं पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधून दिलेलं सॉफ्टवेअर, बसवलं की त्यातली सर्व्हिस लगेच स्वतःहून सुरू व्हावी, की बसवणारा 'हो सुरू' म्हणेपर्यंत तिनं थांबावं? लिनक्स बनवणाऱ्या मंडळींत यावर वर्षानुवर्षं दोन तट आहेत. वरवर पाहता ही सर्व्हर सांभाळणाऱ्यांची आपापसातली बाब वाटते. पण खडेबाजारातल्या दुकानातला कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, निपाणीतल्या पतसंस्थेचा कॉम्प्युटर आणि टिळकवाडीत घरी बसून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलीचा लॅपटॉप, या तिन्ही ठिकाणी कुणीतरी हा निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो. तो कुणी घेतला आणि कसा, हे मालकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एका प्रश्नात तीन प्रश्न

'आपोआप सुरू होणं' असं म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. इन्स्टॉल संपल्या क्षणी सर्व्हिस सुरू व्हावी का, ही एक. इथून पुढं कॉम्प्युटर जेव्हा जेव्हा चालू होईल तेव्हा तिनं आपसूक उठावं का, ही दुसरी. आणि सुरू झाल्यावर तिनं कुणाकुणाचं ऐकावं, ही तिसरी. माझ्या मते सगळं महत्त्व या तिसरीत आहे.

पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लिनक्समध्ये स्पष्ट दिसतं. लिनक्स वेगवेगळ्या संस्था आपापल्या पद्धतीनं बांधून देतात; डेबियन, उबंटू, फेडोरा, रेड हॅट ही त्यांतली नावं. आज त्यांतल्या बहुतेकांत सर्व्हिसेसचा कारभार सिस्टीमडी नावाचा प्रोग्राम पाहतो. तो २०१० मध्ये आला, २०११ मध्ये फेडोरानं स्वीकारला, २०१५ मध्ये डेबियननं. त्यात 'स्टार्ट' ही आज्ञा वेगळी आणि 'एनेबल' ही वेगळी. स्टार्ट म्हणजे आत्ता सुरू हो, उद्याचं उद्या. एनेबल म्हणजे आत्ता काही करू नकोस, पण पुढच्या वेळी मशीन उठलं की तूही ऊठ. नवखा माणूस नुसतं स्टार्ट करतो, काम सुरळीत चाललेलं पाहून घरी जातो आणि पहिल्याच रीस्टार्टला सगळं ठप्प होतं. विंडोजमध्ये हाच निर्णय सर्व्हिसच्या 'स्टार्टअप टाइप'मध्ये लपलेला असतो: ऑटोमॅटिक, ऑटोमॅटिक पण उशिरानं, मॅन्युअल, डिसेबल्ड. उशिरानं म्हणजे बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिसेस उठून झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी.

आता तिसरी गोष्ट. नेटवर्कवरून काम करणारी प्रत्येक सर्व्हिस एका क्रमांकावर कान लावून बसते. त्या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. वेबसाइटचा ८०; डेटाबेसमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. पोर्टबरोबर पत्ताही ठरवावा लागतो. १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकणारी सर्व्हिस फक्त त्याच कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामचं ऐकते. शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटरसुद्धा तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. ०.०.०.० असं लिहिलं तर मात्र ती कुणाचंही ऐकायला तयार असते. मग मशीन इंटरनेटला थेट जोडलेलं असेल तर जगातून कुठूनही येणाऱ्याचं.

दोन तट

पोस्टग्रेस हा डेटाबेस दोन मशीनवर बसवून पाहिला की दोन्ही तटांचा स्वभाव कळतो. डेबियन किंवा उबंटूवर एक आज्ञा दिली की फायली उतरतात, डेटाबेससाठी वेगळा युजर तयार होतो, माहिती ठेवायची जागा आखली जाते, 'मेन' नावाचा डेटाबेसचा संच उभा राहतो, सर्व्हिस सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक वेळी उठण्यासाठी तिची नोंदही होते. आज्ञा संपली तेव्हा डेटाबेस चालू असतो. फेडोरा किंवा रेड हॅटवर तीच आज्ञा दिली तर फायली उतरतात आणि एवढंच. माहितीची जागा आखायची आज्ञा तुम्ही द्यायची, स्टार्ट तुम्ही करायचं, एनेबल तुम्ही करायचं.

डेबियनचं म्हणणं असं की माणसानं सर्व्हरचं पॅकेज बसवलं याचाच अर्थ त्याला तो सर्व्हर हवा आहे. हवा नसता तर बसवला कशाला असता? शिवाय पॅकेज तयार करणाऱ्या माणसाला त्या सॉफ्टवेअरची खडान्खडा माहिती असते. सुरुवातीची सेटिंग्ज त्यानं विचारपूर्वक ठेवलेली असतात. नवख्यानं दहा पानं वाचून चार आज्ञा द्यायच्या आणि त्यातली एक चुकवायची, त्यापेक्षा जाणत्यानं एकदाच बरोबर लावून दिलेलं बरं. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. डेबियन आपला गृहपाठ खरोखर करतं. त्याचा पोस्टग्रेस बसवल्याबरोबर सुरू होतो हे खरं, पण फक्त त्याच मशीनचं ऐकतो. बाहेरच्यासाठी दार उघडायचं तर सेटिंगची फाइल तुम्हाला हातानं बदलावी लागते.

फेडोराच्या तटाचं म्हणणं असं की पॅकेज बसवणं म्हणजे साहित्य घरात आणणं, चालवायची परवानगी देणं वेगळं. तिथं कोणती सर्व्हिस आपोआप एनेबल व्हावी याच्या याद्या असतात, त्यांना 'प्रीसेट' म्हणतात. या याद्या क्रमानं वाचल्या जातात आणि शेवटच्या यादीत एकच नियम असतो: वर ज्यांचं नाव आलं नाही त्या सगळ्या बंद. अपवाद आहेत, पण ते एका जागी लिहिलेले आहेत आणि कुणालाही वाचता येतात. ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी या जुन्या जाणत्या प्रणालीही याच बाजूच्या. फ्रीबीएसडीवर अपाची बसवला तरी सेटिंगच्या फाइलीत त्याच्या नावापुढं 'येस' लिहीपर्यंत तो जागचा हलत नाही.

विंडोजमध्ये अशी एक शिस्त नाही. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ठरवेल तो स्टार्टअप टाइप, आणि बहुतेकजण 'ऑटोमॅटिक' निवडतात. आपल्या भागातली बहुसंख्य दुकानं, कारखाने, सोसायट्या विंडोजवरच चालतात, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

मोटारीचा ऑटोस्विच

शेतातल्या मोटारीला ऑटोस्विच बसवतात तो तुम्ही पाहिला असेल. थ्री फेज लाईट रात्री एक-दोन वाजता येते. अशा वेळी अंधारात, पावसात, सापकिरडाच्या वाटेनं विहिरीवर कोण जाणार? ऑटोस्विच असला की लाईट आल्याबरोबर मोटार सुरू होते, सकाळपर्यंत ऊस भिजलेला असतो. ज्याची मोटार वर्षभर व्यवस्थित चालली आहे, पाइप पक्की आहे, विहिरीला पाणी आहे, त्याला ऑटोस्विच म्हणजे वरदान. पण ज्या दिवशी नवी मोटार बसवतात त्या दिवशी ऑटो चालू ठेवून कुणी बांधावरून निघून जात नाही. फूटव्हॉल्व्ह बसला का, पाइप जोडली का, मोटार उलटी तर फिरत नाही ना, हे पाहिल्याशिवाय ती आपोआप सुरू झाली तर कोरडी चालून जळते. आणि गावातल्या सगळ्या मोटारी लाईट येताच एका क्षणी उठल्या तर ट्रान्सफॉर्मरवर काय भार येतो तेही शेतकऱ्यांना ठाऊक असतं.

सर्व्हिसचं गणित हेच आहे. बसवल्या दिवशी तिनं थांबावं. तपासून, पासवर्ड ठेवून, कुणाचं ऐकायचं ते ठरवून एकदा परवानगी दिली की मग मात्र तिनं दरवेळी न विचारता उठावं.

ही दुसरी बाजू आपल्याकडं विशेष महत्त्वाची आहे. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, झाडाची फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. यूपीएस अर्धा तास तग धरतो, नंतर सर्व्हर बंद. लाईट येते तेव्हा ऑफिसात कुणी नसतं. सकाळी कारकून कॉम्प्युटर लावतो आणि फोन येतो, "सर, सॉफ्टवेअर उघडंना झालंय बघा. काल तर चांगलं चाललं होतं की." नव्वद टक्के काम झालेलं असतं, फक्त डेटाबेसची सर्व्हिस 'मॅन्युअल'वर राहिलेली असते. सुरक्षेच्या नावाखाली सगळंच हातानं सुरू करायचं म्हणणाऱ्यांनी असा सकाळचा काउंटर एकदा पाहावा. बाहेर ठेवीदारांची रांग, आत कुणालाच सर्व्हिस कुठून सुरू करायची ते माहीत नाही. थंड खोलीत, चोवीस तास माणसं बसलेल्या डेटा सेंटरमध्ये केलेला नियम आपल्या गावात जसाच्या तसा चालत नाही.

न मागता सुरू झालेल्या सर्व्हिसनं काय केलं

मग बसवल्या दिवशी थांबावं असा आग्रह का? त्यामागं कडू अनुभव आहे आणि तो २००१ ते २००३ या तीन वर्षांत जगानं फार महाग किमतीला घेतला.

जानेवारी २००१ मध्ये रामेन नावाचा वर्म रेड हॅट लिनक्सच्या ६.२ आणि ७.० या आवृत्त्यांवर पसरला. वर्म म्हणजे माणसाच्या क्लिकची वाट न पाहता एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतःच जाणारा प्रोग्राम. फायली देवाणघेवाणीची एक सर्व्हिस, नेटवर्क फाइलींची एक आणि छपाईची एक, या तिघींतल्या चुकांतून तो आत शिरत असे. आज जो तट सगळं बंद ठेवायच्या बाजूचा आहे, तो त्या काळात तसा नव्हता, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. त्याच वर्षी जुलैमध्ये कोड रेड आला, मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर. विंडोज २००० सर्व्हर बसवलं की आयआयएस त्याबरोबर यायचा आणि चालू असायचा. आपण वेब सर्व्हर चालवतो आहोत हे अनेकांना माहीतच नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीची दुरुस्ती कोण करणार? १९ जुलैला चौदा तासांच्या आत ३,५९,००० मशीन त्याच्या ताब्यात गेली.

सगळ्यात बोलकं उदाहरण स्लॅमरचं. २५ जानेवारी २००३, शनिवार, आपल्याकडं सकाळचे अकराच्या सुमाराची वेळ. अवघ्या ३७६ बाइटचा हा वर्म. या लेखातल्या एका लहानशा परिच्छेदापेक्षाही छोटा. त्यानं एसक्यूएल सर्व्हर २००० मधली एक चूक धरली. १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर एक मदतनीस सर्व्हिस ऐकत बसलेली असे. 'या मशीनवर कोणकोणते डेटाबेस आहेत?' असं विचारलं की ती सांगे. तिला माहितीचं एकच वाकडं पाकीट पाठवलं की मशीन ताब्यात. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना बाधित मशीनची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, ज्यांना बाधा होऊ शकत होती त्यांतल्या नव्वद टक्के मशीन बाधित झाल्या. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या हजारो एटीएममधून पैसे निघेनात, दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात सुरक्षेवर नजर ठेवणारी एक यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद राहिली.

या चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच दिलेली होती. मग एवढी मशीन उघडी कशी राहिली? काही ठिकाणी आळस होता, हे आहेच. पण एक मोठं कारण एमएसडीई हे होतं. एसक्यूएल सर्व्हरची ही छोटी, फुकट आवृत्ती कितीतरी कंपन्या आपापल्या सॉफ्टवेअरच्या पोटात घालून देत. हिशेबाचं, आराखड्याचं, अँटिव्हायरसचं सॉफ्टवेअर बसवलं की त्याबरोबर एमएसडीई बसायची, सुरू व्हायची आणि १४३४ वर कान लावून बसायची. 'एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांनी दुरुस्ती बसवावी' असं वाचणारा माणूस मनात म्हणायचा, आपण कुठं वापरतो? सुरुवातीला सांगितलेल्या मशीन शॉपमधल्या मालकांची स्थिती नेमकी हीच होती.

यातून कंपन्या शिकल्या हे मान्य करायला हवं. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आयआयएस आपोआप बसणं बंद झालं. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचात (सर्व्हिस पॅक) फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणारी भिंत, आपोआप चालू राहू लागली. आज एसक्यूएल सर्व्हरची फुकट एक्सप्रेस आवृत्ती बसवली तर नेटवर्कवरून जोडण्याची सोय मुळात बंदच असते. आपल्याकडं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रत्येकाला ती चालू करायची पायरी तोंडपाठ आहे, आणि 'दुसऱ्या काउंटरवरून कनेक्ट होईना' म्हणून ती करताना तो वैतागतोही. त्या वैतागामागं स्लॅमरचा इतिहास आहे.

तरी गोष्ट संपली नाही. २०१६ मध्ये मिराई नावाचा वर्म आला. त्यानं कॉम्प्युटर सोडून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर धरले. या यंत्रांत टेलनेट नावाची जुनी सर्व्हिस कारखान्यातूनच सुरू होऊन आलेली होती आणि पासवर्डही कारखान्यातलाच. साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाहणं, एवढंच मिराई करायचा. चोरीच्या भीतीनं बसवलेला डीव्हीआर मालकाच्या नकळत दुसऱ्यांवर हल्ले करत होता. २०१८ मध्ये, वेबसाइटची माहिती मेमरीत साठवून ती झटपट देणाऱ्या मेमकॅश या सर्व्हिसच्या उघड्या पोर्टचा वापर करून, प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिट माहितीचा मारा झाला. इथं एक बारकावा आहे: डेबियनवर मेमकॅश बसवताच सुरू होतो, पण फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकतो. म्हणजे नुसतं आपोआप सुरू होणं हा गुन्हेगार नव्हे. आपोआप सुरू होऊन सगळ्या जगाचं ऐकणं, हा आहे.

सप्टेंबर २०२४ चं उदाहरण तर दोन्ही तटांची परीक्षाच होती. लिनक्सवर आसपासचे प्रिंटर शोधून देणारी कप्स-ब्राउझ्ड नावाची सर्व्हिस ६३१ पोर्टवर कुणाचंही ऐकते आणि खोटा प्रिंटर दाखवून तिच्याद्वारे मशीनवर हवी ती आज्ञा चालवता येते, असं उघड झालं. आज्ञा चालायला वापरणाऱ्यानं त्या खोट्या प्रिंटरवर काहीतरी छापायला पाठवावं लागे, म्हणून फार मोठा अनर्थ झाला नाही. रेड हॅटनं सांगितलं की चूक आमच्याही पॅकेजमध्ये आहे, पण ती सर्व्हिस आमच्याकडं आपोआप सुरू नसते, त्यामुळं मूळ सेटिंगवर असलेल्यांना धोका नाही. चूक तीच, कोड तोच, फरक फक्त सुरुवातीच्या एका निर्णयाचा.

सुरक्षेपलीकडंही काही

आपोआप सुरू होण्याची आणखी एक अडचण कॉलेजच्या लॅबमध्ये दिसते. चाळीस मशीनवर एकेक करून लिनक्स बसवण्यापेक्षा एक मशीन तयार करायचं आणि त्याची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरवायची, ही सोपी पद्धत. पण डेबियनवर एसएसएच सर्व्हर बसवतानाच मशीनची गुप्त किल्ली तयार होते. प्रत काढली की चाळीसही मशीनची किल्ली एकच. मशीनची ओळख पटवण्याचा जो आधार, तोच निघून जातो. फेडोरात ही किल्ली सर्व्हिस पहिल्यांदा सुरू होताना बनते, म्हणून मूळ मशीनवर ती सुरू न करता प्रत काढली तर प्रत्येकाची किल्ली वेगळी राहते. डेबियनवर काम करायचं असेल तर प्रत काढण्याआधी किल्ल्या पुसायच्या आणि प्रत्येक मशीनवर नव्यानं बनवायच्या, हे लक्षात ठेवावं लागतं.

डेबियननंही थांबवायची सोय ठेवली आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते. 'पॉलिसी-आरसी-डी' नावाची छोटीशी फाइल ठरलेल्या जागी ठेवून तिच्याकडून १०१ हा आकडा परत द्यायचा. पॅकेज सर्व्हिस सुरू करण्याआधी या फाइलीला विचारतं, आणि १०१ म्हणजे मनाई. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त खोक्यात चालवायच्या सोयीत, मिळणाऱ्या डेबियनच्या प्रतींत ही फाइल असतेच. एकाच सर्व्हिसला अडवायचं असेल तर पॅकेज बसवण्याआधीच तिला 'मास्क' करता येतं. मग तिला कुणीही, अगदी दुसरं पॅकेजसुद्धा, सुरू करू शकत नाही.

एक तिसरी वाटही आहे आणि ती मला सर्वांत देखणी वाटते. सर्व्हिस सुरूच ठेवायची नाही. पोर्टवर सिस्टीमडी स्वतः कान देऊन बसतो, पहिलं गिऱ्हाईक आलं की मग सर्व्हिसला उठवतो. युनिक्समध्ये ही कल्पना १९८० च्या दशकातल्या आयनेटडीपासून आहे, ॲपलनं २००५ मध्ये लाँचडीत ती पुढं नेली. यात मेमरी वाचते, मशीन लवकर उठतं. पण दार उघडंच असतं, हे विसरू नये. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथंही द्यावंच लागतं.

आपल्या ऑफिसात काय पाहावं

विंडोजवर नवं सॉफ्टवेअर बसवून झालं की 'सर्व्हिसेस'ची खिडकी उघडा आणि आज कोणती नवी नावं आली ती पाहा. त्यांची एक यादी वहीत लिहून ठेवा. सॉफ्टवेअर बदलल्यावर जुनी सर्व्हिस मागं राहिली का ते याच यादीवरून कळतं. लिनक्सवर 'एसएस' ही आज्ञा कोणती सर्व्हिस कोणत्या पत्त्यावर ऐकते ते दाखवते. त्यात १२७ नं सुरू होणारे पत्ते घरातले. ०.०.०.० किंवा चांदणी (*) दिसली की थांबून विचार करायचा.

विंडोजची फायरवॉल कधीकधी विचारते, या प्रोग्रामला खासगी नेटवर्कवर परवानगी द्यायची की सार्वजनिकवरही? हा तिसराच प्रश्न आहे आणि ती तो तुम्हाला विचारते आहे. घाईनं दोन्हीला होकार देऊ नका. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत, सरकारी पोर्टल कन्नडमध्ये आणि विचार मराठीत, अशा आपल्या परिस्थितीत माणूस वाचायचं सोडून देतो आणि हो म्हणून मोकळा होतो. म्हणून बेळगाव-कोल्हापूरकडं सोसायट्यांसाठी, दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. इन्स्टॉल करताना मराठीत आणि कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारा: हे सॉफ्टवेअर याच एका कॉम्प्युटरवर वापरणार की दुसऱ्या काउंटरवरूनही? पहिलं उत्तर आलं तर डेटाबेसला बाहेरचं ऐकू देऊ नका आणि फायरवॉलमध्ये गुपचूप वाट पाडू नका. एवढं विचारायला एक खिडकी पुरते.

डीव्हीआरचा पासवर्ड बदला. मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून राउटरमधून उघडलेली पोर्ट आता लागत नसेल तर बंद करा.

ज्या सर्व्हिसला परवानगी दिली ती लाईट गेल्यावर परत उठते का, हे कामाच्या गर्दीत कळण्याआधी स्वतः पाहून ठेवा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बॅकअप घ्या, मशीन व्यवस्थित बंद करा, राउटरचीही वीज काढा आणि मग मेन स्विच चालू करून दोन्ही एकदम सुरू करा. राउटर मुद्दाम सांगतोय. लाईट आल्यावर बऱ्याचदा सर्व्हर आधी उठतो आणि राउटर मागून. सर्व्हरला नेटवर्कचा पत्ता राउटरकडून मिळत असेल आणि डेटाबेसला तोच पत्ता नेमून दिला असेल, तर तो पत्ता त्या क्षणी अस्तित्वातच नसतो. सर्व्हिस प्रयत्न करते, पत्ता सापडत नाही, ती बंद पडते. सर्व्हिस ऑटोमॅटिक आहे, सेटिंग बरोबर आहे, तरी सकाळी सॉफ्टवेअर उघडत नाही. यावर उपाय म्हणजे सर्व्हरला कायमचा पत्ता द्यायचा, विंडोजवर स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक, उशिरानं' ठेवायचा आणि सर्व्हिसच्या 'रिकव्हरी' पानावर पहिल्या, दुसऱ्या व पुढच्या अपयशाला 'रीस्टार्ट' निवडायचं. लिनक्सवर सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये नेटवर्क उठेपर्यंत थांब आणि पडलीस तर पुन्हा ऊठ, अशा अर्थाच्या ओळी घालायच्या. मग पुन्हा एकदा तसंच सगळं बंद करून मेन स्विच चालू करा, आणि दुसऱ्या काउंटरवरून एक पावती काढून पाहा.